काट मारलेली पानं

सरांच्या घराचं दार उघडलं की पहिला वास कागदाचा यायचा, मग सुकटीचा, मग औषधाचा. मी त्या दारात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला चौथा महिना होता आणि चपला बाहेर काढू की आत घेऊ हेच कळत नव्हतं. मला कुठलीच गोष्ट न घाबरता करता येत नाही, आजसुद्धा नाही, बँकेत सही करायची तर आधी दुसऱ्या कागदावर करून बघते. तेव्हा तर विसावं वर्ष, लग्नाला दीड वर्ष झालेलं, शहाद्याकडून येऊन सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला लागलेली. मशीनच्या तेलाचा वास सहन होईना, दोनदा खोक्यावरच ओकले, तर सायब म्हणाला, तू आता येऊ नको. आमचे हे त्याच कंपनीत मशीनवर, ते म्हणाले, बसून काय करशील घरात, मंजूबेनला विचार. मंजूबेन सिल्वासातच डोकमर्डीला सरांच्या खालच्या मजल्यावर राहायची, कुणाला कुठे बाई लागते ते सगळं तिला माहीत. ती म्हणाली, "वर जा ने, मॅडमना मिस्टर छे, एकलाच छे, कटकट काही नाही, फक्त भिंतीशी बोलते."

त्या अख्ख्या बिल्डिंगीत सरांना कुणी नावाने ओळखत नव्हतं. मॅडम इथल्या मराठी शाळेत मोठ्या बाई होत्या, कोकणातल्या, सरकारी नोकरीत इकडे आल्या नी इथल्याच झाल्या, अर्ध्या सिल्वासाला त्यांनी पाढे शिकवले असतील. सर मुंबईची मोठी नोकरी सोडून त्यांच्या मागे आले. मॅडम वारल्या, सर राहिले, पण लोकांसाठी ते मॅडमचे मिस्टरच. मला वाटायचं कुठल्यातरी ऑफिसातून रिटायर झालेले कारकून असतील, कारण सारखे लिहायचे. परदेशाची पाकिटं यायची, पोस्टमन दाराशी उभा राहून तिकिटं मागायचा, सर कात्रीने कापून त्याला द्यायचे आणि आतलं पत्र कधीकधी न वाचताच वहीत खुणेला घालायचे. खूप पुढे मला कळलं की त्यांच्या नावाचा गणितातला एक नियम आहे, ते बावीस वर्षांचे असताना त्यांनी शोधलेला, तो दूरदूरच्या देशांत कॉलेजात शिकवतात. आणि मी त्या माणसाला रोज विचारायची, सर, आज भाकर करू का चपाती.

जेवणाचे त्यांचे हाल मीच केले सुरुवातीला. आमच्याकडे ठेचा म्हणजे ठेचा, त्यांनी पहिल्या दिवशी बोटाने चाटला नी इतकी उचकी लागली की मी रडायलाच लागले, वाटलं गेले आता, पोलीस येतील. ते पाणी पीत पीत हसले. "मरत नाही गो, बस. पण उद्यापासून मला कुळथाची पिठी कर." मला कुळीथ कसे भाजतात ते ठाऊक नव्हतं, तर खुर्चीवर बसून त्यांनी सांगितलं, कोकम कधी टाकायचं, किती पातळ ठेवायचं. सुकट आणायला मी बाजारात जायची, तिचा वास मला आधी नको व्हायचा, मग सातव्या महिन्यात असा काही डोहाळा लागला की मीच वाटीभर खायची आणि सर म्हणायचे, "माझ्या वाटणीची ठेवलीस काय?" दुपारी सगळी बिल्डिंग गप्प, फक्त मंजूबेनच्या शिलाई मशीनची घरघर, आणि आत सर पट्टीने टेबलावर टकटक करत पुटपुटायचे, नाही, नाही, इथून नाही. दुसऱ्या पाळीच्या बसचा हॉर्न ऐकला की मला कळायचं तीन वाजले, चहा ठेवायचा.

एकदा चहा देताना मी विचारलं, सर तुम्ही शोधता काय एवढं. विचारलं नी लगेच जीभ चावली. ते म्हणाले, "कंपनीत काय करायचीस?" मी म्हटलं, कोन भरायची खोक्यात, धाग्याचे. "किती बसतात?" बारा. "तेरावा का नाही?" मी म्हटलं, जागाच नाही सर. "कशावरून नाही? आडवा घालून पाहिलास? तिरका? अर्धे उलटे लावून?" मी म्हटलं, सायबाने मारलं असतं. तेव्हा ते भलते हसले. मग म्हणाले, "बारा बसतात हे दाखवायला बारा कोन पुरे. तेरावा बसतच नाही हे दाखवायचं तर जेवढ्या म्हणून तऱ्हा आहेत तेवढ्या सगळ्या एकेक करून बंद कराव्या लागतात. मी तेच करतोय, चाळीस वर्षं. फक्त माझं खोकं असं आहे की त्याला लांबी-रुंदी-उंचीच्या पुढेही बाजू आहेत." मला एकदम भीती वाटली, असलं खोकं मी डोळ्यांपुढे आणायला लागले नी चक्कर आली. "घाबरू नको, तिथे राहायला जायचं नाहीये," म्हणाले. ते बोलणं मला त्या दिवशी कळलं असं वाटलं होतं. कळलं असतं तर पुढचं झालं नसतं.

त्यांचा हात कापायचा. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा सांडायचा, आणि अक्षर तर असं झालं होतं की वहीवर मुंग्या सोडल्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन करा म्हटलं की म्हणायचे हे संपू दे. एक दिवस मला बसवलं, पेन दिलं, म्हणाले, तुझं नाव लिही. मी लिहिलं. वही डोळ्यांना टेकवून त्यांनी पाहिलं. "शाळा किती?" आठवी, मी म्हटलं, नववीत दोन महिने बसले होते. "अक्षर चांगलं आहे. आता हे इथलं तिथे उतरव. कळायची गरज नाही, चित्र काढतेस असं समज." त्या दिवसापासून मी सरांच्या कच्च्या वह्यांमधलं पक्क्या वहीत उतरवायला लागले. ती कसली अक्षरं, कुठे नुसता आकडा, कुठे आकड्याच्या डोक्यावर छोटा आकडा, कुठे उभा लांब साप. सर म्हणायचे, जसं आहे तसं, काही सोडू नको. मी जीव मुठीत धरून लिहायची. पोट टेबलाला लागायचं, पोर आतून लाथ मारायची, रेघ हलायची, मला घाम फुटायचा.

आता जे सांगायचं ते सांगते.

कंपनीत आमच्याकडे पॅकिंगचं रजिस्टर होतं. त्यात काटाकाटी चालत नव्हती. बाहेरून माल घेणारे लोक तपासायला यायचे, त्यांना पान स्वच्छ पाहिजे, म्हणून एक जरी आकडा खोडलेला दिसला की सायब अख्ख्या लाइनीसमोर आईबापावरून बोलायचा. मग आम्ही मुली काय करायचो, चुकलं की पान हळूच फाडायचं, घडी करून ब्लाउजमध्ये घालायचं, नवीन पान लिहायचं. आणि नुसतं पक्क्यातलं फाडून भागत नव्हतं, कच्च्या वहीतलंही फाडायचं, कारण कच्चं नी पक्कं जुळलं नाही तर कुणीतरी विचारणार, मधलं कुठे गेलं. दीड वर्ष मी हेच केलं. माझ्यानंतर आलेल्या पोरींना मीच शिकवलं, अगं अशी फाड, शिवणीजवळून, कळत नाही. त्याच्यात मला कुणी नावं ठेवली नाहीत, उलट ज्योतीचं रजिस्टर बघा कसं असतं, असं म्हणायचे.

सरांच्या वहीत पानंच्या पानं काट मारलेली होती. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मोठी फुली, कापऱ्या हाताची. मी पहिल्यांदा तसं पान पाहिलं तेव्हा विचारावंसं वाटलं, पण सर झोपले होते, आणि मनात आलं, ह्यात काय विचारायचं, चुकलं म्हणून तर काट मारली. पक्क्या वहीत मी फुली काढून ठेवली तर म्हणतील, केवढी मठ्ठ, घाणसुद्धा उतरवून ठेवली. म्हणून सोडलं. आणि सोडलं म्हणून घाबरले, की कधी कुणी दोन वह्या शेजारी ठेवून पाहिल्या तर म्हणतील हिने पानं गाळली. म्हणून कच्च्यातलं फाडलं. शिवणीजवळून. मग दुसरं. मग ते रोजचंच झालं. त्या पानांत मी सुकटीची डोकी नी शेपट्या गुंडाळायची, वास येऊ नये म्हणून, नी खाली कचऱ्याच्या गाडीत टाकायची. मला वाटायचं सरांची पक्की वही अशी होईल की एक खाडाखोड नाही, कुणी बघितली तर म्हणेल वा. खरंच सांगते, मला बरं वाटायचं फाडताना.

आठवा संपून नववा लागला तेव्हा एका सकाळी सर म्हणाले, "झालं गो." एवढंच. मग टेबलावरची पट्टी खणात ठेवून दिली. मी विचारलं, सर बंद झाल्या का सगळ्या तऱ्हा. म्हणाले, "सगळ्या. शेवटची काल दुपारी झाली." मला आनंद झाला, मी शिरा केला. शिरा खाताना त्यांनी कच्ची वही हातात घेतली, अंगठ्याने तिची जाडी चाचपली, परत चाचपली, नी म्हणाले, "वही बारीक झाली काय?" तेव्हा मी बोलले असते तर! सर जिवंत होते, त्यांच्या डोक्यात सगळं होतं, परत सांगितलं असतं, मी परत लिहिलं असतं. मी म्हटलं, नाही सर. "मग माझीच बोटं जाड झाली असतील," असं म्हणून त्यांनी वही खाली ठेवली. हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं, भांडी घासताना, परीची वेणी घालताना, कधीही.

परी झाली नी दीड महिन्याने सर गेले. मी बाळंतीण, मला कुणी जाऊ दिलं नाही, मंजूबेनने येऊन सांगितलं. सरांचा एक विद्यार्थी होता, अनिरुद्ध नावाचा, पुण्यात शिकवायचा, अधूनमधून सरांना भेटायला यायचा, मोठा माणूस पण मला वहिनी म्हणायचा. त्याने सरांचं शेवटचं सगळं केलं आणि वह्या घेऊन गेला. दोन-तीन महिने काही नाही. मग निरोप आला की मॅडमच्या शाळेच्या हॉलमध्ये सरांची सभा आहे, वहिनींनी यायलाच पाहिजे, त्यांनी वह्या उतरवल्यात. मी धुतलेली साडी नेसले, परीला घेतलं, मागच्या खुर्चीवर बसले. मुंबईहून एक मोठे प्रोफेसर आले होते, पांढरे केस, गोड बोलायचे. त्यांनी सरांचं सगळं आयुष्य सांगितलं, कोकणात खळ्यात वाळत घातलेल्या सुपाऱ्या मोजणारा मुलगा, तो बाविसाव्या वर्षीचा नियम, परदेशातून आलेली बोलावणी नी सरांनी दिलेले नकार. मी ऐकत होते नी मला वाटत होतं, हे सगळं त्या माणसाचं, ज्याच्या मी नाकाला आलेला थेंब पुसायची. मग म्हणाले, शेवटच्या वह्या आम्ही पाहिल्या. सर लिहितात, इतके प्रकार वर एकेक करून बंद केले आहेत, म्हणून सिद्ध झालं. पण वर काहीच नाही. एकही प्रकार नाही. आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "उतारवयात भल्याभल्या बुद्धीला हे होतं. न केलेलं काम केल्यासारखं वाटतं. आपण त्यांना त्यांच्या आधीच्या कामासाठी आठवू या."

लोकांनी माना हलवल्या. एक बाई च्च च्च म्हणाली. माझ्या हातातली परी रडायला लागली, मी तिला इतकं घट्ट धरलं होतं. तेव्हा मला कळलं. फुली मारलेलं प्रत्येक पान म्हणजे एक बंद केलेली तऱ्हा. ते चुकलेलं नव्हतं, तेच तर काम होतं. मी उठून उभं राहायला पाहिजे होतं. मी परीला दूध पाजायच्या निमित्ताने बाहेर गेले नी सरळ घरी आले.

ह्यांना सांगितलं. हे जेवत होते, घास तसाच राहिला. "किती फाडली?" मी म्हटलं, चाळीस तरी असतील, जास्तच. "कुणी पाहिलं?" कुणी नाही. "मग कोणाला सांगू राहिली तू? गप बस. मोठ्या लोकांचे कागद ते, सरकारी असतील, काय माहीत. उद्या पोलीस आले तर पोरीला घेऊन तुरुंगात बसशील का?" मी म्हटलं, ते लोक सरांना येडा म्हणू राहिले. "मेलेला माणूस येडा काय नी शहाणा काय! आपण जिवंत आहोत ना?" ह्यांच्यावर मी राग धरत नाही, तेही माझ्याइतकेच घाबरतात, फक्त ते ओरडून घाबरतात. चार दिवस मी गप्प राहिले. दूध आटलं. परी रात्रंदिवस किरकिर करायची, सासूबाई फोनवर म्हणायच्या, बाळंतिणीने मनात काही ठेवू नये वं, ठेवलं की दुधात उतरतं.

पाचव्या दिवशी सकाळी डोकमर्डीला गेले. अनिरुद्धभाऊ घर रिकामं करायला आले होते, पुस्तकं खोक्यांत भरत होते. मला बघून म्हणाले, "या वहिनी, चहा टाका, तुमच्या हातचा पिऊन जातो." मी चहा टाकला नाही. दाराला धरून एका दमात सगळं बोलून टाकलं, रजिस्टर, सायब, सुकट, शिवणीजवळून, सगळं. त्यांना आधी कळेचना. मग कळलं तसे ते खोक्यावर बसले, मग खोक्यावरून खाली फरशीवर बसले. मला वाटलं आता मारतील. त्यांनी विचारलं, "काय होतं त्या पानांवर? काहीही आठवतं का?" आणि पेन पुढे केलं. मी वीस मिनिटं बसले. एक साप काढला, एक आकडा काढला, त्याच्या डोक्यावर छोटा आकडा, मग फुली. बाकी काही नाही. जे पक्क्यात उतरवलं ते मला आजही आठवतं, हात आपोआप चालतो. जे सोडलं ते मी वाचलंच नव्हतं.

मी म्हटलं, भाऊ, तुम्ही त्या मोठ्या सरांना एवढं तरी सांगा की आमच्या सरांचं डोकं बरोबर होतं. त्यांनी केलं होतं सगळं. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन टोपण लावलं. मग म्हणाले, "वहिनी, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण आमच्या धंद्यात कुणी पाहिलं म्हणून चालत नाही. पान लागतं." मी विचारलं, मग आता? "आता कुणीतरी त्या सगळ्या तऱ्हा परत पहिल्यापासून बंद करायच्या. मी बसेन. पण मी काही सर नाही." आणि ते रडले, एवढा मोठा माणूस, पुस्तकांच्या मधे बसून, मंजूबेनची मशीन खाली चालू होती म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही. मला ते शिवी देतील याची मी तयारी करून गेले होते. याची नव्हती केली. निघताना मी म्हटलं, कुठे छापलं तर माझं नाव टाका, माझ्या नावाने लिहा की हिने फाडली. ते म्हणाले, "तुम्ही हे सांगायला आलात ते घरी मिस्टरांना माहिताय का?" मी म्हटलं, नाही, तरी टाका.

परी आता बालवाडीत जाते. अनिरुद्धभाऊ दिवाळीला फोन करतात, मी विचारते किती झाल्या, ते म्हणतात अकरा, कधी म्हणतात, अकरातली एक चुकीची निघाली, दहा. त्यांचेही केस पांढरे व्हायला लागलेत म्हणे. मागच्या वर्षी सरांच्या कामाचं पुस्तक निघालं, त्यांनी मला पाठवलं. सगळं इंग्रजी. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून मी शेवटचं पान वाचून घेतलं. खाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. तिने मराठीत सांगितलं: घरकाम करणाऱ्या एका बाईंच्या म्हणण्याप्रमाणे या वहीतली काही पानं नष्ट झाली असावीत, याला दुसरा आधार नाही. मी तिला परत वाचायला लावलं. तिने परत तेच वाचलं. नाव नव्हतं. अनिरुद्धभाऊंना विचारलं तर म्हणाले, मी टाकलं होतं, पुस्तक छापणाऱ्या वरच्या लोकांनी काढलं, म्हणाले तुम्हाला त्रास नको.

मला त्रास होऊ दे. म्हणून हे मराठीत, माझ्या हाताने लिहिलंय, ह्यांना वाचून दाखवलंय, ते उठून बाहेर गेले. माझं नाव ज्योती. सिल्वासाला डोकमर्डीत तिसऱ्या मजल्यावर मी सरांकडे कामाला होते. "म्हणण्याप्रमाणे" नाही, "असावीत" नाही. सरांनी सगळ्या तऱ्हा बंद केल्या होत्या, शेवटची त्यांनी एका दुपारी केली, तेव्हा मी त्याच खोलीत होते. पानं मी फाडली.